मोजतोय

"दोनशे एकतीस," मिस्त्री मोठ्याने म्हणाले आणि मशीनचा दांडा थांबवून त्यांनी उजवा पंजा दाराकडे वर केला.

दारात साडू उभा होता. अंगात मिस्त्रींचा बनियन, खांद्यावर मिस्त्रींचाच टॉवेल.

"मी काय म्हणतो, केक कुठे ठेवायचा? टेबल बाहेर काढू का?"

"दोनशे एकतीस. दोनशे एकतीस."

"अरे हो, मोजणी चाललीय. चालू द्या, चालू द्या," असं म्हणत साडू मागे सरकला. जाता जाता बाकावरचा स्क्रूड्रायव्हर मात्र उचलून घेऊन गेला. तो स्क्रूड्रायव्हर काही परत येणार नव्हता.

मिस्त्री घराच्याच पुढच्या खोलीत, जिला ते कारखाना म्हणत, जळलेले पंखे आणि मोटारी पुन्हा भरून देत. तांब्याची केसासारखी तार, तिचे मोजून तीनशेऐंशी वेढे, मग एक कॉइल. एक वेढा चुकला तर पंखा नुसता घरघरतो. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांनी घरात सांगून ठेवलं होतं, की हात वर केला म्हणजे मी मोजतोय, तेव्हा कुणी बोलायचं नाही. चौतीस वर्षं कुणी बोललं नाही. बायको चहा आणायची तर कप बाकावर ठेवून मुकाट्याने निघून जायची.

वेढे मोजायचे असत हे खरंच. पण उन्हाळ्यात ते जरा जास्तच मोजायचे असत.

उन्हाळा आला की बायकोची बहीण, जिला घरात धाकटीच म्हणत, आणि तिचा नवरा, म्हणजे हाच साडू, पंधरा दिवस मुक्कामाला येत. या नवऱ्याला सगळे साहेब म्हणत. आयुष्यभर एका कचेरीत कागदांवर शिक्के मारले, एवढीच त्याची साहेबी. पण आल्या दिवसापासून घर त्याच्या हाताखाली असल्यासारखा वागे. पाणी कोमट का, उशी कडक का, मिस्त्री तुम्ही अजून हाताने का भरता, आता सगळं मशीनवर होतं. बोलताना तो खुर्चीत असे आणि मिस्त्रींचा पेपर त्याच्या मांडीवर. वाढदिवसही नेमका सुट्टीतच यायचा. हा माणूस जन्माला येतानासुद्धा दुसऱ्याच्या घरचं जेवण बघून आला असावा, असं मिस्त्रींचं मत होतं.

एका वर्षी मिस्त्रींनी पाहुण्यांच्या खोलीतल्या पंख्याला मुद्दाम जुना, दमलेला कंडेन्सर लावला. पंखा पाहुण्यांसारखाच चालू लागला, फिरतो भरपूर, उपयोग शून्य. चार दिवसांत जातील असा हिशेब होता. बायकोने काही न बोलता स्वतःच्या उशाशी असलेला टेबलफॅन त्या खोलीत नेऊन ठेवला आणि पंधरा दिवस पुठ्ठ्याने वारा घेतला. पुढच्या वर्षीही तेच झालं, त्याच्या पुढच्याही. कंडेन्सर कधी बदलला गेला नाही, आणि त्यावर कधी कुणी काही बोललंही नाही.

या वर्षी टेबलफॅन उचलून न्यायला कुणी नव्हतं. तो मिस्त्रींच्या उशाशीच होता. तरी साहेब आला होता, "तुम्हाला सोबत म्हणून." आणि तीन दिवसांत बनियनपर्यंत पोचला होता.

बायको थंडीत गेली. पोटाची तपासणी होती, दोन दिवसांचं काम. तिला न्यायला धाकटी आली होती. रिक्षा दारात उभी, हातात कापडी पिशवी, पायात बाहेरच्या चपला. ती कारखान्याच्या दारात आली आणि "अहो" म्हणाली. मिस्त्री तपासणीचं नाव काढलं की घाबरत, आणि घाबरलेले कुणाला दिसू नयेत म्हणून आदल्या रात्रीपासून चिडलेले होते. त्यांनी हात वर केला.

"एकशे ऐंशी," ते म्हणाले. "एकशे ऐंशी."

ती उभी राहिली. किती वेळ, ते त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. मग चपलांचा आवाज झाला आणि रिक्षा गेली. दुपारी दवाखान्यातून फोन आला, हृदय बंद पडलं म्हणून.

'अहो'च्या पुढे तिला काय म्हणायचं होतं? पाच महिने हा एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात फिरत होता. धाकटी रिक्षात होती, तिला कदाचित माहीत असेल. पण तिला विचारायचं म्हणजे आपण हात वर केला होता हे तोंडाने कबूल करायचं. पंधरा दिवस त्यांनी ते टाळलं. आज वाढदिवस होता आणि उद्या सकाळी ती दोघं जाणार होती.

संध्याकाळी साहेबाने केक कापला. "ताईंच्या माघारी काही करायचंच नाही असं मी ठरवलं होतं," त्याने शेजारच्या वीस माणसांना सांगितलं. ती वीस माणसं त्यानेच बोलावली होती. "पण त्यांनाच आवडलं नसतं हो. आज ताई असत्या तर..." इथे त्याने डोळे पुसले आणि त्याच रुमालाने ओठांवरचं क्रीमही पुसलं. मिस्त्री भिंतीला टेकून उभे होते. त्यांना वाटलं, ती असती तर तू खाऊन झाल्यावर तुझं ताट तिने उचललं असतं, एवढंच. मग आठवलं, आपणही कधी उचललं नव्हतं. साहेबाचा त्यांना आणखीच राग आला.

सकाळी दारात रिक्षा आली. बॅगा चढल्या. मिस्त्री कारखान्यात जाऊन बसले. दरवर्षी निरोपाच्या वेळी ते तिथेच असत. दांडा फिरू लागला.

दारात पावलं वाजली.

"दोनशे चौदा," मिस्त्री म्हणाले आणि हात वर केला.

पावलं मागे गेली नाहीत. धाकटी सरळ आत आली. मशीनच्या कडेला एक मळकं फडकं असायचं, वर्षानुवर्षं तिथेच. तिने ते उचललं.

खाली चौकोनी काचेची खिडकी होती आणि तिच्यात पांढरे आकडे. २१४.

"भाऊजी, पुरे आता," ती म्हणाली. "मशीनच मोजतं की."

मिस्त्रींचा हात हवेतच राहिला.

"तुला कुणी सांगितलं?"

"ताईने. माझ्या लग्नाच्या आधीपासून माहिती आहे मला. मशीन कोण पुसायचं तुमचं? फडकं धुऊन परत तिथेच घालायची ती. म्हणायची, मोजत नाहीत गं, लपतात. लपू दे."

"साहेबाला?"

"त्यांनाही माहितीय. पेपर वाचायला निवांत मिळतो म्हणून गप्प बसतात. तेही काही कमी नाहीत."

बाहेरून साहेब ओरडला, "अगं, रिक्षावाला कुरकुर करतोय!"

"करू दे!" धाकटी ओरडली. फडकं तिने घडी करून बाकावर ठेवलं आणि जायला वळली.

"त्या दिवशी," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "त्या दिवशी ती दारात आली होती. मी हात वर केला. तिला काहीतरी सांगायचं होतं."

धाकटी त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला रडू येईल असं मिस्त्रींना वाटलं, पण तिचा चेहरा कडकच झाला.

"सांगायचं काही नव्हतं. 'येते' म्हणायचं होतं. तुम्ही 'ये' म्हटल्याशिवाय ती कधी घराबाहेर पडली होती का? रिक्षात बसल्यावर म्हणाली, राहिलंच बघ. मी म्हटलं, थांबू का, जाऊन ये. तर म्हणाली, नको, त्यांचा आकडा चुकेल."

बाहेर साहेबाने रिक्षाचा हॉर्न स्वतःच वाजवला.

"येते, भाऊजी," धाकटी म्हणाली.

मिस्त्रींनी तोंड उघडलं. ती थांबली नाही. चपलांचा आवाज झाला, साहेब काहीतरी बडबडला, आणि रिक्षा सुरू झाली. मिस्त्री उठून दारापर्यंत गेले. रिक्षा कोपऱ्यावर वळत होती. मागच्या खिडकीतून टॉवेलचं टोक बाहेर लोंबत होतं. त्यांचाच टॉवेल.

"ये," ते म्हणाले.

मग आत येऊन बसले. सवयीने त्यांनी मनात आकडा शोधला, तो कुठेच नव्हता. त्यांनी मशीनकडे पाहिलं. काचेत २१४ होतं. कुणी कितीही वेळ उठून गेलं असतं, तरी ते तिथेच राहिलं असतं.