पॉलेटचे नऊ टक्के

ओरिनची टोळी म्हणजे आम्ही पाच-सहा निवृत्त माणसं. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांच्या दारात व्हीलचेअरसाठी लाकडी उतार बांधून देतो, फुकट. लाकूड कधी कुणी देतं, कधी आम्ही पदरमोड करतो. पैशांचं मी बघते, त्यामुळे कंजूष म्हणून नावही माझंच.

या वसंतात व्हर्नाची पाळी होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती शुश्रूषागृहात होती आणि दारात उतार झाल्याशिवाय तिला घरी सोडणार नव्हते. मुलगा तर घर विकायच्या गोष्टी करू लागला होता. तेवढ्यात गावच्या कागद गिरणीने आम्हाला घसघशीत चेक दिला, तोही ‘ओरिनची टोळी’ या नावाने. ओरिनच्या ट्रकवर तेच रंगवलंय ना! बँकेतली पोरगी हसली. त्या नावाचं खातंच नव्हतं. गिरणीवाले म्हणाले, नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेचं नाव द्या, चेक बदलून देतो.

“स्वतःची संस्था काढेपर्यंत व्हर्नाचं घर विकलं जाईल,” ओरिन म्हणाला. “मिनियापोलिसच्या त्या पॉलेटला फोन कर. तिची नोंदणी झालेली संस्था आपल्यासारख्यांना पंखाखाली घेते.”

“आणि व्यवस्थापन खर्च म्हणून शंभरातले नऊ डॉलर कापून घेते! खिळे आपण ठोकायचे आणि मलई तिने खायची?”

“मग तूच जाऊन सांग व्हर्नाला, नऊ टक्क्यांपायी तुझं घर गेलं म्हणून.”

मी चडफडत फोन लावला.

“उतारावरून कुणी पडलं तर? तुमचा विमा आहे?” पॉलेटने विचारलं.

“आम्ही नीट बांधतो, बाई.”

“बांधत असाल हो. पण कुणी खटला भरला तर ओरिनना घर विकावं लागेल.”

करार झाला. चेक तिच्या संस्थेच्या नावाने आला. लाकडाचं बिल, विमा, देणगीदारांना करासाठी लागणाऱ्या पावत्या, सगळं तिने निस्तरलं. आम्ही नुसत्या करवती चालवल्या. किती हलकं वाटलं म्हणून सांगू!

व्हर्ना आली त्या दिवशी ओरिन खुर्ची ढकलायला धावला.

“हात लावशील तर खबरदार!” ती ओरडली आणि स्वतः चाकं फिरवत वर गेली. दारात पोचल्यावर तिला रडू फुटलं. मलाही.

पुढच्या आठवड्यात तिने पॉलेटसाठी ॲपल पाय भाजून माझ्या हवाली केला. मी मिनियापोलिसला गेले, डबा पॉलेटच्या टेबलावर ठेवला. तिने झाकण काढलं. एक तुकडा गायब होता.

“हे हो काय, आर्लिस?”

“आमचा व्यवस्थापन खर्च,” मी म्हटलं. “शंभरातले नऊ.”