लाईट गेल्यावरची भाकरी

बब्रुवानानं जुनं पत्र्याचं स्वयंपाकघर पाडून स्लॅबचं बांधलं, तेव्हा अणदुरात ते बघायला न आलेला माणूस एक तर आजारी होता, नाहीतर भावकीतला. भिंतीला लागून काळ्या ग्रॅनाईटचा ओटा, ओट्याच्या वर कपाटं, आणि छताच्या अगदी मधोमध ताटाएवढा गोल दिवा. बटण एकदा दाबलं की पांढरा, पुन्हा दाबलं की पिवळा. पाहुणा आला की चहाच्या आधी बब्रुवान ते बटण दाबून दाखवायचा. "सुई पडली तरी घावंल," म्हणायचा. आता स्वयंपाकघरात सुया शोधत कोण बसतंय? पण नवं घर बांधलेल्या माणसाच्या तोंडाला लागू नये.

त्याची बायको तुळजाबाई. लग्न होऊन आली आणि थोड्याच वर्षांत तवा तिच्या ताब्यात आला, तो आजतागायत. सून राजेश्वरी मोठी कामसू, पण तिनं चिरायचं, वाटायचं, वाढायचं. भाकरी थापायची ती सासूनंच. आणि भाकरी तरी कशी! टम्म फुगलेली, कुठं डाग नाही. नळदुर्गचे पाहुणे कालवण बाजूला सारून नुसती भाकरी खायचे. याची तुळजाबाईला घमेंड होती. नव्हती असं म्हणणारा एकही माणूस त्या घरात सापडला नसता.

नव्या ओट्यावर मात्र ही घमेंड महिन्याभरात उतरली. भाकरी एका अंगानं कच्ची, दुसऱ्या अंगानं करपलेली. आमटीत खडा निघाला, तोही नेमका बब्रुवानाच्या दाताखाली.

"अगं, एवढा उजेड करून दिलाय तरी?" तो कळवळला. आणि माणूस हौशी, म्हणून धाराशिवाला जाऊन त्याच जागी लावायला दुप्पट मोठा दिवा घेऊन आला. तो लावल्यावर घर लग्नाच्या मांडवासारखं लख्ख झालं. फरशीवरची मुंगी दिसायला लागली. तुळजाबाईच्या हाताखालची परात तेवढी दिसेना.

मग तिनं मनाशी हिशोब मांडला. सगळं घर लख्ख, आणि मलाच दिसंना, म्हंजी माझं डोळं गेलं.

हे सांगायचं कुणाला? दिव्याला नावं ठेवावीत, तर नवरा म्हणणार, नाचता येईना अंगण वाकडं. डोळ्यांचं सांगावं, तर तवा हातातनं जाणार. "आत्या, आता तुम्ही आराम करा," हे वाक्य तिनंच एकदा आपल्या सासूला फार गोड आवाजात ऐकवलं होतं. त्याचा अर्थ काय होतो ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

त्यात सट तोंडावर आलेली. चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा निवेद, आणि सगळी भावकी जेवायला. रोडगा म्हणजे जाड भाकरीच; देवाच्या ताटात तो करपका वाढायचा? तुळजाबाईनं ठरवलं, यंदा राजेश्वरीलाच सांगायचं, तू कर बाई. ठरवलं आणि मोरीपाशी जाऊन रडली. विचारलं कुणी तर सांगायला कांदा चिरून ठेवला होता.

पण सांगायचं जिवावर येत होतं, म्हणून ती आज-उद्या करत राहिली. अशात एका संध्याकाळी लाईट गेली. आमच्याकडची लाईट तशी गुणाची. तवा तापल्याशिवाय जात नाही. राजेश्वरीनं रानात पाणी द्यायला जाताना नेतात ती बॅटरी आणली आणि गॅसच्या समोर, भिंतीवर पळ्या अडकवायच्या खुंटीला टांगली. तुळजाबाईनं हातातला गोळा तसाच थापला, तव्यावर टाकला. भाकरी टम्म फुगली. एखादी जमते कधीकधी, असं म्हणून तिनं मन आवरलं. दोन दिवसांनी पुन्हा लाईट गेली, पुन्हा सगळ्या भाकऱ्या देखण्या. तिसऱ्यांदा गेली तेव्हाही तेच.

त्या तिसऱ्या रात्री जेवण अर्ध्यावर आलं आणि लाईट परत आली. बब्रुवान घास चावत म्हणाला, "तुझं सगळं उलटंच बघ. लाईट असली की करपवतीस, लाईट गेली की झ्याक करतीस. वायरमनचा पगार खातीस का काय?"

मुलगा योगीराज हसला. बायका हसल्या नाहीत. राजेश्वरीच्या हातातली पळी वाटीवर तशीच राहिली, आणि तुळजाबाई खरकट्या हातानं उठून ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. खाली बघितलं. तिच्याच डोक्याची आणि खांद्यांची सावली ओटाभर पसरली होती. ती बाजूला सरकली, ओटा उजळला. परत जागेवर आली, अंधार. दिवा पाठीमागं, काम पुढ्यात, आणि मधे आपण. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

डोळे शाबूत होते. अंगणच वाकडं होतं. तुळजाबाईला इतका आनंद झाला की ती एकटीच खदाखदा हसायला लागली, आणि बब्रुवान घाबरून ताटावरून उठला.

"आवं, इकडं या. हितं हुबं ऱ्हावा आन ह्यो कांदा चिरा."

बब्रुवान उभा राहिला. सुरी कुठं आणि बोट कुठं, त्याला कळेना. "मला काय दिसंना," तो म्हणाला.

"तुमचं बी डोळं गेलं वाटतं," तुळजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मग सगळ्या घरानं मिळून उजेडाची जागा शोधली. मोठा दिवा बंद केला. योगीराज स्टुलावर बॅटरी धरून, बब्रुवान मोबाईलचा टॉर्च धरून, आणि तुळजाबाई परातीपाशी. "खाली घे. म्होरं. माझ्या डोळ्यांत मारू नको, पिठावर मार." कपाटाच्या बुडाशी, पुढच्या कडेला उजेड आला की परात स्वच्छ दिसत होती, आणि दिवा डोळ्यांवर येत नव्हता. गॅसच्या बरोबर वर नको, वाफ बसेल, जरा अलीकडं. दिवा पांढराच हवा, पिवळ्यात कच्ची भाकरीसुद्धा भाजल्यासारखी दिसते. "मग छताला दिवा लावला कशाला म्या?" बब्रुवान कुरकुरला. "सुई शोधायला," बायको म्हणाली. राजेश्वरी पेन्सिलीनं खुणा करत गेली.

"आता तू चिर, म्या धरते," म्हणत तुळजाबाईनं बॅटरी घेतली आणि सुनेच्या हातांवर उजेड पाडला. तेव्हा तिला ती बोटं दिसली. जागोजाग सुरीचे काप. काही जुने, काही कालचे.

"हे कवापासनं?"

राजेश्वरीनं हात मागं घेतला. "नव्या ओट्यावर आल्यापासनं. मला वाटलं, मीच येंधळी. तुम्ही त्याच उजेडात भाकरी थापता, मग मी कुठल्या तोंडानं सांगू, आत्या?"

तुळजाबाईनं तो हात पुन्हा उजेडात ओढला. "आन म्या म्हनत होते, पोरगी त्याच उजेडात चिरती, म्हंजी माझंच डोळं गेलं. तवा तुला द्यायला निघाले होते गं म्या. रडत."

आणि दोघी अशा हसत सुटल्या की खाली फरशीवरच बसल्या. बाप मोबाईलचा टॉर्च धरून आणि लेक रिकाम्या हातानं नुसते बघत होते.

शिवशरण वायरमन दिव्याची लांब पट्टी घेऊन आला आणि विचारायला लागला, आधी तव्याची बाजू करू का. "आधी चिरायची जागा कर," तुळजाबाई म्हणाली. "तवा थांबंल."

सटीला सकाळपासून दोघी ओट्यापाशी उभ्या होत्या. तुळजाबाईनं स्वतःहून रोडग्याचं पीठ सुनेपुढं सरकवलं. कडा कशी धरायची, कुठला रंग आला की उलटायचं, सगळं दाखवलं. ज्या गोष्टीला महिनाभर ती भीत होती, तीच करत होती आणि तोंडानं गुणगुणत होती.

निवेद झाला, भावकी बसली. बब्रुवानानं पहिला घास घेतला आणि चारचौघांत जाहीर केलं, "ह्याला म्हणत्यात रोडगा. तुळजे, तुझ्या हाताची सर सुनेला यायला अजून लई वर्सं लागतील."

"तुमी खाताय तो राजेश्वरीनं केलाय," तुळजाबाई म्हणाली. "गुमान खावा."

हे बोलताना आपल्याला कुठंतरी टोचेल, असं तिला वाटलं होतं. टोचलं नाही. लई बरं वाटलं. राजेश्वरी ओट्यापाशी मान खाली घालून हसत होती, आणि ते हसू तुळजाबाईला अगदी स्वच्छ दिसत होतं.