बोली नाव : निरंक

संयुक्त नियंत्रण कक्षात जाताना मोबाईल बाहेरच्या कपाटात ठेवावा लागतो. पहिल्या दिवसापासून मला त्या कपाटाची भीती वाटायची. माझा सम्यक तीन वर्षांचा आहे. त्याला झटके येतात. दिवसभर तो सासूबाईंजवळ, आणि माझा फोन कुलपात.

पण नोकरी धरली ती त्याच्यासाठीच. मागच्या वर्षी त्याला पहिला झटका आला, तेव्हा मी रुग्णवाहिकेसाठी दोन ठिकाणी फोन लावले होते. एकानं सांगितलं, आमची हद्द नाक्यापर्यंतच. दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही नाक्याच्या अलीकडं का पलीकडं? शेवटी त्याला टेम्पोत घालून पडेगावच्या दवाखान्यापर्यंत आणलं. टेम्पोत कांद्याच्या गोण्या होत्या. अजून कांदा चिरताना माझे हात गार पडतात. म्हणून शहर, छावणी, वैजापूरसारखी तालुक्याची गावं आणि खेड्यांच्या ग्रामपंचायती मिळून एकच कक्ष काढणार, हद्द न बघता जवळची गाडी पाठवणार, असं वाचलं आणि मी अर्ज केला. एम. ए. भूगोल. कंत्राटी का होईना, घेतलं.

माझं काम यादीचं. तीन रकाने : गाव, सरकारी नाव, बोली नाव. बोली नाव म्हणजे लोक त्या जागेला खरोखर काय म्हणतात ते. कक्षाचे प्रमुख बद्रीनाथ साहेब, आगीच्या बंबावर तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, "मॅडम, घाबरलेला माणूस सरकारी नाव घेत नसतो. तो म्हणतो, चिंचेजवळ या. चिंच रस्त्यात जाऊन दहा वर्षं झाली. पण हा गडी चिंचेजवळच जळतोय, त्याला आपण काय करणार?"

चार महिने मी ग्रामसेवक, आशाताई, दूधवाले, सगळ्यांना विचारत फिरले. जळका थांबा. बंद टॉकीज. पाडलेल्या टाकीखाली. हजारावर नावं भरली. फक्त आमच्या वस्तीपुढं, आणि आमच्यासारख्या इतर अडतीस वस्त्यांपुढं, मी एकच शब्द लिहिला : निरंक.

आमचं गाव खडकखोरा, दौलताबादच्या किल्ल्यामागं. गावाच्या खालच्या अंगाला आमची वस्ती, प्रज्ञानगर. पूर्वी तिचं नाव म्हणजे आमची जुनी जात आणि पुढं 'वाडा'. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला, जात मागं टाकली, तरी नाव कागदावर राहिलंच होतं. ते काढायला माझ्या सासूबाई, गोजरबाई, पंधरा वर्षं ग्रामसभेत उभ्या राहून भांडल्या. मी त्यांना आत्या म्हणते. नवी पाटी लागली त्या दिवशी आत्यांनी ती आपल्या पदरानं पुसली होती. कुणी जुनं नाव घेतलं की त्या भर रस्त्यात माणसाला थांबवून पाटी वाचायला लावतात. तो शब्द मी यादीत लिहिला नाही, इथंही लिहिणार नाही.

बद्रीनाथ साहेबांचं बोट त्या ओळीवर थांबलं होतं. "इथं लोक दुसरं काहीच म्हणत नाहीत?"

"नाही सर."

"जुनी माणसंसुद्धा?"

"नाही म्हणलं ना सर."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि पान उलटलं.

चाचणीचे पंधरा दिवस ठरले होते. चौथ्या दिवशी दुपारी सव्वादोनला माझ्या शेजारी मेघा बसली होती. वैजापूरची पोरगी, बोटं भारी चपळ. फोन उचलला की पडद्याच्या कोपऱ्यात सेकंदांचे लाल आकडे पळायला लागतात.

"हां आजी, रडू नका. काय झालंय? लेकराला? बरं, कुठं यायचं?" ती टाईप करत होती. थांबली. मग तिनं तो शब्द खात्री करायला मोठ्यानं उच्चारला. आमचा जुना शब्द, वाडा लावून. "कुठल्या गावातला आजी? गाव सांगा, गाव."

पडद्यावर आलं : आढळले नाही.

"ताई," मेघा माझ्याकडं वळली, "टॉवर किल्ल्यामागचा दाखवतोय. त्याच्याखाली पाच गावं. आजींना काही सुचंना. मी पाचही नावं वाचून दाखवू का?"

मी म्हणाले, "थांब."

का म्हणाले? मला आधी संताप आला. कुणीतरी वरच्या आळीची म्हातारी, आणि अजून तिच्या तोंडात तोच शब्द. पाटी लागून चार वर्षं झाली. घेऊ दे की नीट नाव. लाल आकडे तिसावर गेले, चाळिसावर गेले. मी बघत होते. मी म्हणाले, "त्यांना सांग, असं नाव आता कुठंच नाही."

मेघानं सांगितलं. पलीकडं रडणं एकदम वाढलं, तशी तिनं घाबरून स्पीकर लावला. "तुम्हीच ऐका बरं ताई."

"सम्या... ए सम्या, डोळं उघड ना रे बाबा... अगं बाई, पोरगं निळं पडायलंय, या ना वो लवकर..."

मी हेडफोन हिसकावून घेतला. "आत्या!"

"कोण?"

"मी निशा. मेघा, खडकखोरा, प्रज्ञानगर, पाठव! आत्या, त्याला कुशीवर करा."

"निशा? अगं तू कशी मधीच? निशा, त्याचं अंग..."

"कुशीवर, आत्या. तोंडात काही घालू नका. चमचा नको, पाणी नको."

"ही शेजारची वच्छला चप्पल घेऊन आलीय हुंगवायला."

"तिला म्हणावं चप्पल पायात घाल आन् रस्त्यावर पळ. गाडी दिसली की हात कर."

वच्छलाबाई पळाल्याचं मला ऐकू आलं. मेघानं सात बोटं दाखवली. दौलताबादेत दुसऱ्याच पंचायतीची गाडी उभी होती, तीच निघाली. सात मिनिटं. मी आत्यांना त्याचा श्वास मोजायला लावलं. "एक... दोन... नाय गं, थांबला... नाय, आला, तीन..." त्या मोजत होत्या आणि माझी नजर कोपऱ्यातल्या आकड्यांवरून हलत नव्हती. फोनमधून भोंगा ऐकू आला तेव्हा त्यांचं मोजणं चौऱ्याण्णवपर्यंत आलं होतं.

सम्यकनं गाडीतच डोळे उघडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." फोन उचलल्यापासून गाडी निघेपर्यंत एक मिनिट बावन्न सेकंद लागले. त्यातले पन्नास माझे. सम्यकचे वडील राजकुमार कंपनीतून थेट आले, त्यांना मी हे सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी आलो. सम्यक झोपलेला. आत्यांनी चहाला हात लावला नव्हता.

"निशा, तिथं सगळं रेकॉर्ड होतं ना गं?"

"होतं."

"मंग माझा आवाज ऱ्हायला त्याच्यात. तो शब्द म्हणतानाचा."

"आत्या, घाबरल्यावर माणूस..."

"मला पाटी आठवलीच नाय गं. मीच लावलेली. लहानपणी माहेरी माय लांब उभी राहून पत्ता सांगायची ना, तसंच तोंडात आलं." त्या हातांकडं बघत होत्या. "आन् तुमच्या मशीनला तो कळला नाय. कळला असता तर?"

मी सांगितलं, कळला असता. त्या रकान्यात निरंक मीच लिहिलं होतं. पन्नास सेकंदांचं तेवढं जिभेवर येऊन परत गेलं.

त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "लिही."

"आत्या..."

"लिही म्हणते ना. आपली एकटीच म्हातारी हाय का घाबरणारी? पण त्या पोरीनं तो वाचून दाखवायचा नाय. तिच्या पडद्यावर चांगलंच नाव दिसलं पायजे."

त्याच दिवशी कक्षात जाऊन मी एकोणचाळीस ओळी भरल्या. बद्रीनाथ साहेब मागं उभे होते. जुना शब्द टाईप केला की पडद्यावर फक्त नवी नावं येतील, अशी सोय त्यांनीच तंत्रज्ञाला शेजारी बसवून करून घेतली. जाताना माझ्या टेबलावर चहा ठेवून गेले.

संध्याकाळी पाचला मी घरी पोचले, तर आत्या फोन हातात घेऊन तयार. "लागतो का बघायचंय मला. आधी त्याला बाहेर ने."

मी सम्यकला घेऊन ओट्यावर गेले. खिडकी उघडी होती, म्हणून त्याच्या दोन्ही कानांवर हात धरले. आत आत्या भिंतीकडं तोंड करून ताठ उभ्या राहिल्या. मेघाचा आवाज आला, "कुठून बोलता?" आत्यांनी तो शब्द म्हटला. हळू नाही, पुरता म्हटला.

पलीकडं कळफलकाची टकटक झाली.

"खडकखोऱ्याचं प्रज्ञानगर ना, आजी?"

"व्हय."

"गाडी पाठवू?"

"नको माय. सगळे बरे हायेत."

फोन ठेवून त्या मोरीपाशी गेल्या. तांब्यानं पाणी घेऊन चूळ भरली. मग परत भरली. मग परत.

"आई, सोड ना," सम्यक म्हणत होता. "आई, दुखतंय."

मी हात काढले. त्याचे कान लालभडक झाले होते.