चावडीपुढच्या वहाणा

“आबा, तुम्ही मोठा का ती फुलीबाई मोठी?”

केशरनं विचारलं आणि चावडीच्या ओट्यावरची चिलीम या हातातून त्या हातात जाता जाता थांबली. एका हातात दप्तर, दुसऱ्या हातात पायातून काढलेल्या चपला, अशी ती ओट्यासमोर उभी होती. पलीकडे चिंचेच्या बुंध्याआड धनू आणि कौसा तोंडात ओढणी कोंबून बघत होत्या. मघाशी धनूच म्हणाली होती, “तुन्हामां एवढी हिंमत शे ना, मंग इचारीसन दाखाड. आठ दिन तुन्हं दप्तर मी उचलसू.”

केशरला हिंमत दाखवायला असं निमित्त लागतच नसे. गेल्या महिन्यात तळोद्याच्या शाळेत तिनं इन्स्पेक्टरसाहेबांपुढे न अडखळता धडा वाचला होता, तेव्हापासून तर तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. पण आजचा प्रश्न नुसत्या पैजेचा नव्हता. तो तिच्या घशात बरेच दिवस अडकून होता.

गावात रीत होती. चावडीपुढून जाताना बाईमाणसानं पायातलं हातात घ्यायचं. कारण विचारलं की सगळे एकच सांगत, ओट्यावर वडीलधारी बसलेली असतात, त्यांचा मान. बरं, मान तर मान. केशरही रोज चपला काढी आणि चावडी मागे पडली की घाली. पण डोंगरातून लाकडाची मोळी घेऊन येणारी फुलीबाई? तिच्या डोक्यावर तिच्या वजनाएवढा भार. तिला वाकता येत नसे. ती एका पायानं दुसऱ्या पायाची वहाण सोडवी, मग पायाच्या बोटांत धरून वर उचली, गुडघ्यापाशी हात नेऊन पकडी. मोटारीच्या जुन्या टायरच्या वहाणा त्या, सहज सुटत थोड्याच! तेवढा वेळ ती एका पायावर डुलत राही, आणि ओट्यावरचे वडीलधारे तिच्याकडे तमाशा बघितल्यासारखे बघत.

आजही तेच झालं होतं. मोळी एका बाजूला कलली आणि उखा आबा ओट्यावरून ओरडले, “सांभाळ, फुले! लाकडं ऱ्हातीन, तूच मोडशी!”

मग सगळे हसले. आबांच्या पायात मात्र करकर वाजणारा जोडा होता. तो त्यांनी कधी कुणापुढे काढलेला केशरनं पाहिला नव्हता.

आता आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ओळखत नसल्यासारखं शेजारच्या पितांबरकाकांना विचारलं, “कोन्ही पोर शे ही?”

“हिलालनी.”

“शिकाडी ऱ्हायना ना तो पोरले! मंग आसंच व्हई.”

केशरची कानशिलं तापली. ती समोर उभी असताना हा माणूस तिच्याविषयी असं बोलत होता, जसं कुणाचं वासरू दावं तोडून आलंय.

“तुम्हीच सांगतस ना आबा, संवत छपन्नाना दुकाळमां तुम्ही पाटीवर बाराखडी गिरवी ऱ्हायंतात?” ती म्हणाली. “तवय फुलीबाईले दोन लेकरं व्हतात. आख्खं गाव जानस. मंग मोठं कोन?”

ओट्यावर कुणीतरी खोकलं. आबांनी चिलीम खाली ठेवली. फुलीबाई अजून फार पुढे गेली नव्हती.

“ए फुले! आठे ये!”

ती मोळीसकट सगळी वळली, जशी गाडी वळते. हातात वहाणा, अनवाणी पाय धुळीत.

“ही पोर तुन्हं वय इचारी ऱ्हायनी. सांग बरं, तू मोठी का मी मोठा?”

फुलीबाईनं आधी आबांकडे पाहिलं, मग केशरकडे. केशरनं तिला डोळ्यांनी धीर दिला. सांग, घाबरू नको, मी आहे ना.

“तुम्हीच मोठा, बापा,” फुलीबाई म्हणाली. “मी काय, काल-परवानी.”

ओटा असा हसला की चिंचेवरचे कावळे उडाले. आबा हसले नाहीत. ते आता पहिल्यांदाच केशरशी थेट बोलले.

“उद्या आठेच येवानं. चारचौघांसमोर पाया पडानं. नहीतर हिलालले सांगस, पोरन्ही शाळा पुरी व्हई गयी.”

आबा वडिलांचे चुलते. घरात बैल घ्यायचा तरी त्यांना विचारून. त्यांनी शाळा पुरी झाली म्हटलं की ती झालीच.

चिंचेआड कुणी नव्हतं. धनू आणि कौसा केव्हाच तळोद्याच्या वाटेला लागल्या होत्या. केशरनं चपला पायात सरकवल्या आणि तीही पळत सुटली, पण मैत्रिणींच्या मागे नाही. गावाबाहेरच्या मोरीजवळ तिनं फुलीबाईला गाठलं.

“तू खोटं कसाले बोलनी?” तिला धाप लागली होती आणि रडूही येत होतं, दोन्ही रागानंच. “मी तुन्हासाठे बोलनी! आते मन्ही शाळा जाई, आनि तू तठे हात जोडीसन...”

“हात कोठे जोडात? हातमां वहाणा व्हत्यात,” फुलीबाई म्हणाली.

ती मोरीच्या कठड्याला टेकली, पण मोळी डोक्यावरून उतरवली नाही. उतरवली तर परत चढवून द्यायला कोण येणार होतं?

“मन्हासाठे बोलनी तू?”

“मंग!”

“कोन सांगं तुले?”

धनूचं नाव केशरच्या जिभेवर आलं आणि तिथंच राहिलं.

“सगळासले इचारं तू,” फुलीबाई शांतपणे म्हणाली. “आबाले इचारं. सोबतन्या पोरीसले इचारं व्हई. माले इचारं का?”

वाऱ्यानं मोळीतलं एक वाळकं पान खाली पडलं.

“तू उद्या शाळामां जाशी, नहीतर घरमां बसशी. माले बाजारना दिवशी याच वाटवर येणं शे. दुसरी वाट नाल्यातून जास. मोळी लीसन तठून उतरता येस का? मी आज मोठी व्हई गयी आसती, तर पुढला बाजारले माले कोन येऊ देतं?”

केशरला अजूनही भांडायचं होतं. आबांशी, पितांबरकाकांशी, पळून गेलेल्या धनूशी, आणि थोडंसं या म्हातारीशीही. रागानं तिनं खाली मान घातली, आणि तिला चार पाय दिसले. दोन तिचे स्वतःचे, नंदुरबारहून आणलेल्या लाल पट्ट्यांच्या चपलांत. दोन भेगाळलेले, तापायला लागलेल्या खडीवर.

ती किती वेळ अशी म्हातारीपुढे चपला घालून उभी होती!

तिनं दप्तर कठड्यावर टाकलं. चपला काढल्या. मग फुलीबाईच्या हातातून वहाणा घेतल्या आणि खाली बसली. टायरचा पट्टा ताठ होता, टाचेवरून ओढताना जोर लावावा लागला. फुलीबाईनं तोल जाऊ नये म्हणून एक हात केशरच्या डोक्यावर टेकवला आणि दोन्ही वहाणा घालून होईपर्यंत तसाच ठेवला.

“जाय आते. मास्तर मारी.”

केशर चार पावलं गेली, थांबली, आणि वळून पुन्हा तिच्याकडे धावली. या वेळी तिनं काहीतरी हळू आवाजात विचारलं. फुलीबाईनं डोक्यावरची मोळी सावरली. मग तिचे उरलेसुरले दात दिसले.

संध्याकाळी केशर घरी आली तेव्हा बातमी तिच्या आधी येऊन बसली होती. जर्मन-जपानची लढाई संपून वर्ष झालं तरी रॉकेल मिळत नव्हतं, म्हणून माय, मंगलाबाई, उजेड आहे तोवर भाकरी उरकत होती. आज तिचे हात जरा जास्तच जोरात थापत होते. वडील ओसरीत भिंतीला टेकून बसले होते.

“काय गरज व्हती तुले?” माय म्हणाली. “मोठा मानूसले आसं बोलतस का?”

“मोठा मानूस!” केशर उसळली. “माय, एक म्हातारी बाई एका पायवर नाची ऱ्हायनी आनि ते हसी ऱ्हायनात! ते मोठं शे का? मन्हं बोलनं तेवढं उद्धट?”

“हळू बोल. भिंतीपलीकडे आबानं घर शे.”

“आयकू दे.”

“केशर,” वडील म्हणाले. त्यांचा आवाज रागाचा नव्हता, थकलेला होता. “शाळा पाहिजे का नही, तेवढं सांग.”

“पाहिजे.”

“मंग उद्या पाया पड, आनि मोकळी व्हय.”

“पडसू.”

तव्यावरची भाकरी उलटायला गेलेला मायचा हात थांबला. इतक्या सहज ही पोर कधी काही कबूल करत नसे.

“पडसू ना,” केशर म्हणाली. ती उंबऱ्याशी उभी होती, ताठ, दोन्ही हात मागे बांधून, जशी इन्स्पेक्टरसाहेबांपुढे उभी राहिली होती. “उद्या आबाना पाया पडसू. आनि पुढला बाजारना दिवशी शाळामां उशिरा जासू. फुलीबाई चावडीपुढे उनी ना, का तिन्या वहाणा मी काढसू. खाली बसीसन. रीत मोडाव नही, कोनी काही बोलाव नही. आनि चावडी सरनी का मीच तिले घाली दिसू. दर बाजारले.”

भाकरीचा करपट वास सुटला.

वडिलांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, आबांच्या घराच्या बाजूला.

“चावडीपुढे?” त्यांनी विचारलं. “सगळासमोर तिना पायले हात लावशी?”

“हां.”

“आनि ती करू दी?” माय म्हणाली.

“तिले इचारीसन उनी मी,” केशर म्हणाली. “डावा पायना पट्टा लागस, तो हळू काढजो म्हने.”