वेदचा दाखवायचा कार्यक्रम

आमच्या भाऊंना, म्हणजे माझ्या वडिलांना, अख्ख्या आळीची खोट काढता येते. शेजारच्या आत्मारामच्या कलमांपासून जावयाच्या चपलांपर्यंत काही सुटत नाही. फक्त घरच्या पोराबद्दल परक्यासमोर उणा शब्द काढायचा नाही, हा त्यांचा कायदा. त्याच कायद्याने यंदा आम्हाला गाळात घातलं.

माझा भाऊ अजिंक्य नोकरीसाठी आयर्लंडला निघालाय, बायको वैदेही आणि सात वर्षांच्या वेदला घेऊन. वेद ऑटिस्टिक आहे. बोलतो मोजकं, आणि अचानक मोठा आवाज झाला की टेबलाखाली जाऊन कान दाबून बसतो. वर्गात त्याच्यासोबत मदतनीस द्यायचा का, हे ठरवायला तिथल्या शाळेने व्हिडिओ कॉल ठेवला. कॉल कसला, भाऊंनी त्याचा दाखवायचा कार्यक्रम करून टाकला. मुलगी दाखवतानासुद्धा आमच्याकडे एवढी तयारी झाली नव्हती, आणि ती मुलगी मी होते.

नवा शर्ट आणला. दोन इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली. कुकर बंद, मिक्सर बंद. मोटरसायकलवरून मासे विकत फिरणाऱ्या गंगारामला मी नाक्यावर गाठून सांगितलं, आज आमच्या दारात हॉर्न वाजवलास तर याद राख. वैदेही म्हणत होती, आहे ते सांगूया. तिचं कोण ऐकतंय!

वेद शहाण्यासारखा बसला, पाठ केलेलं म्हणाला. भाऊंनी वर पुस्ती जोडली की पोर जरा लाजाळू आहे, एवढंच. चार दिवसांत शाळेचा मेल आला. मुलगा छान आहे, मदतनिसाची गरज दिसत नाही. भाऊ खूश होऊन पेढे आणायला निघाले.

वैदेही कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही.

"भाऊ, तिकडच्या गंगारामांना सांगायला कोण जाणार आहे?"

भाऊंनी पिशवी खुंटीला परत अडकवली. त्या दिवशी त्यांनी कुणाचीच खोट काढली नाही, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

अजिंक्यने शाळेला गळ घालून पुन्हा कॉल ठरवला. या वेळी गंगारामला मुद्दाम हॉर्न वाजवायला सांगूया, अशी अक्कलही त्यानेच पाजळली. वैदेहीने नुसतं बघितलं. ठरलं एवढंच, की खरं सांगायचं. पण शाळेच्या बाई स्क्रीनवर आल्या आणि झालं! आळीभर तोंड चालवणारे आम्ही, आपल्या पोराचं एक उणं सांगवेना. अजिंक्यने बाईंना हवापाणी विचारलं.

तेवढ्यात गंगाराम दारात आला. कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे रोजच्यासारखा भोंगा वाजवला. वेद टेबलाखाली गेला, कान दाबून डोलायला लागला. वैदेही उठणार, तोच सत्तरी उलटलेले भाऊ धोतर सावरत खाली वाकले आणि गुडघ्यांना शिव्या घालत टेबलाखाली शिरले. त्याच्याजवळ हातभर अंतर ठेवून बसले. बोलले नाहीत, हात लावला नाही. हळूहळू वेदचं डोलणं थांबलं. कानावरचा एक हात काढून त्याने तो भाऊंच्या गुडघ्यावर ठेवला.

मग टेबलाखालूनच भाऊंचा आवाज आला.

"बाई, असं नुसतं शेजारी बसायला माणूस हवा. मी तिथे नसणार."

अजिंक्य इंग्रजीत सांगायला लागला आणि दुसऱ्या वाक्यावर अडला. पुढचं वैदेहीने सांगितलं.

मदतनीस मिळाला. त्या दिवशी कॉल संपला तेव्हा वेद केव्हाच उठून अढीत पिकत घातलेले आंबे ओळीने लावायला गेला होता. भाऊ मात्र टेबलाखालीच होते. अजिंक्यने आणि मी हात दिले तरी बाहेर येईनात. गुडघा दुखतोय म्हणाले. डोळे का पुसताय, ते मी विचारलं नाही.