घोटा तिचा, कंबर त्याची
बॅले करणाऱ्या माणसांशी नातं जोडू नये, हे माझं अनुभवाचं मत. माझ्या वाट्याला तर दोघं आली आहेत, धाकटा भाऊ आणि भावजय. दोघं एकाच कंपनीत जोडीने नाचतात आणि तिथली फिजिओथेरपिस्ट मी. त्यामुळे घरी गेले तरी माझी ड्यूटी संपत नाही.

नव्या बॅलेच्या तालमी ऐन रंगात असताना भावजय कंपनीतल्या माझ्या खोलीत आली, दार लावून घेतलं आणि मोजा काढला. घोटा वांग्यासारखा सुजून जांभळा झालेला.

"ताई, त्याला कळलं तर तो मला नाचूच देणार नाही. या वयात पुन्हा मुख्य भूमिका कोण देणार? माझी शपथ आहे तुम्हाला."

ती गेली आणि संध्याकाळी भाऊ आला. त्यानेही दार लावलं आणि तपासणीच्या टेबलावर पालथा पडला.

"कंबर, ताई. हिला सांगू नकोस. हिची ही शेवटची संधी आहे."

मी दोघांना वेगवेगळं झापलं, विश्रांती घ्या म्हणून सांगितलं. दोघांनीही नंदीबैलासारखी मान डोलावली आणि तडक तालमीला गेली. पेशंटचं गुपित फोडायची सोय नाही, नाहीतर मी तोंड बंद ठेवणाऱ्यांतली नव्हे.

लोकांना वाटतं, पुरुष बाईला उचलतो. खरं म्हणजे बाई उडी मारते आणि पुरुष ती उडी वर नेतो. ही घोट्याला जपून अर्धीच उडी मारायची, की सगळा भार त्याच्या कंबरेवर. तो कंबरेला जपून हात आखडता घ्यायचा, की हिला उडी जोरात मारावी लागायची. दोघं अगदी प्रेमाने एकमेकांची वाट लावत होती.

रंगीत तालमीला मी मुद्दाम जाऊन बसले. सूर चढला, उचलण्याची जागा आली. तिला वाटलं, आज तो उचलेल. त्याला वाटलं, आज ही उडी मारेल. दोघं चेहऱ्यावर हसू ठेवून जागच्या जागी उभी! पियानोवाल्याने बिचाऱ्याने तोच तुकडा पुन्हा वाजवला. पुन्हा तेच.

"अरे, उचल ना!" ती ओरडली.

"तू उडी मार ना आधी!"

"कशी मारू? घोटा..." ती थांबली.

त्याने खाली तिच्या पायाकडे पाहिलं. "अगं, मग आधी सांगायचं! कंबर मोडली माझी. मला वाटलं, तुझं वजन वाढलंय."

"मग बोलला का नाहीस?"

"मला जिवाची भीती नाही का?"

मला हसू आवरलं नाही. पण ती मटकन खाली बसली. आपण त्याच्या कंबरेचं काय केलं, ते तिला कळलं होतं. मग माझंही हसू गेलं.

फोन घ्यायला बाहेर गेलेल्या दिग्दर्शिका आरडाओरडा ऐकून आत आल्या. भावजय धडपडत उठली.

"मॅडम, माझा पाय गेलाय. तो ठणठणीत आहे. त्याला नीट उडी मारणारी कुणीतरी द्या."

मॅडमनी लगेच कोपऱ्यातल्या नव्या मुलीला पुढे बोलावलं. पोरगी हलकीफुलकी, घोटे दणकट, उडी सुरेख. तिच्याबरोबर भावाची कंबर खरंच तगली असती. हे मला कळत होतं आणि त्यालाही.

त्याने त्या मुलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"मॅडम, माझी कंबर कामातून गेली आहे," तो म्हणाला आणि मोठमोठ्याने कण्हत बायकोच्या पायाशी जमिनीवर बसला.