साडेबाराची गोळी

बिट्टीला आकडीचा झटका आला तो शाळेच्या जिन्यात. खालच्या चारच पायऱ्या उरल्या होत्या, म्हणून कपाळावरच्या तीन टाक्यांवर निभावलं. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी विचारलं, "दुपारची गोळी चुकली होती का?"

"छे," आई म्हणाली. "शाळेत देतात. तक्त्यावर रोज खूण असते."

आठ वर्षांची पोर. सकाळ-संध्याकाळ घरी आणि दुपारी साडेबाराला शाळेच्या ऑफिसात, अशा तीन गोळ्यांवर दोन वर्षं सुरळीत गेली होती.

रात्रभर आईचा डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी लेकीला बापाजवळ ठेवून आई शाळेत गेली. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटातून बाटली आणि तक्ता काढला. "बघा, एकही दिवस चुकलेला नाही."

आईने तक्ता जवळ ओढला. आज बुधवार. घड्याळात दहासुद्धा वाजले नव्हते आणि बिट्टी घरी झोपून होती. तरी आजच्या रकान्यात खूण होती. उद्याच्याही. परवाच्याही.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी बाटली टेबलावर पालथी केली. सहा गोळ्या उरायला हव्या होत्या, निघाल्या अकरा.

कारकुनांना बोलावलं. पंचवीस वर्षं नोकरी झालेला, साधा माणूस. तक्ता बघताच ते मटकन खुर्चीत बसले.

"सोमवारीच आठवड्याच्या खुणा करून टाकायचो," ते म्हणाले. "पोरगी ऑफिसच्या खिडकीशी आली की गोळी द्यायचो."

"आणि नाही आली तर?"

 याचं उत्तर आदल्या रात्रीच बिट्टीने दिलं होतं, पण आईला ते गुंगीतलं बरळणं वाटलं होतं. "खिडकीशी मोठ्या मुलींची रांग असते गं. माझा नंबर लागायच्या आत घंटा होते."

रोज डब्यात काय उरलं हे आई विचारायची. गोळी घेतलीस का, हे मात्र तिने कित्येक महिन्यांत विचारलं नव्हतं. 

"माझी चूक आहे," कारकून म्हणाले. "मला काढून टाका."

"तुम्हाला काढून माझ्या पोरीला गोळी मिळणार आहे का?" आईचा आवाज चढला, मग फुटला. "ती रांगेत नाही उभी राहणार, काका. तुम्ही तिच्या वर्गात जा. तिने गिळली हे डोळ्यांनी बघा, मगच खूण करा. बाटलीत किती उरल्या, तेही लिहा."

बाईंनी तिथेच नियम ठरवला. वर्गशिक्षिकेचीही सही हवी. कारकून रजेवर असले, तर बाई स्वतः जाणार.

तीन महिने झाले. एका दुपारी आई कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी जुळवत होती. मुकादम हाक मारत आला, "शाळेतून फोन आहे!"

हातातलं खोकं तसंच टाकून ती फोनकडे धावली.

"घाबरू नका," पलीकडून मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. "कारकून आजारी आहेत, म्हणून मी गेले होते. गोळी दिली, तिने गिळली. सतरा उरल्यात. तुम्हाला कळवावंसं वाटलं."

"बरं," एवढंच तिला बोलता आलं.

"काय गं, काय झालं?" मुकादमाने विचारलं.

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "काहीच झालं नाही."